एका पंखात दोन जातींचे धागे

पत्रिका पाहून दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, विमानाचं व्याख्यान परळमध्ये कशाला? विमान बघायचं तर सांताक्रूझ, उडवायचं तर जुहू. प्रश्न रास्त आहे. पण आज ज्या विमानांबद्दल आम्ही बोलणार आहोत त्यांचं अंग दोन कामांतून तयार होतं. एक, सूत काढून कापड विणणं. दोन, साच्यात ओला माल भरून त्यात तंतू दाबणं आणि सुकल्यावर कठीण कवच बाहेर काढणं. पहिलं काम या भागातल्या गिरण्यांनी शंभराहून अधिक वर्षं केलं. दुसरं आजही दरवर्षी मूर्तींच्या कारखान्यांत चालतं. तेव्हा परळ-लालबागच्या माणसाला काँपोझिट म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. त्याला फक्त ते नाव माहीत नसतं.

मोठी मूर्ती कशी होते बघा. साच्यात प्लास्टरचा एक हात द्यायचा, त्यावर काथ्या पसरून दाबायचा, वर पुन्हा प्लास्टर. नुसतं प्लास्टर दाबलं तर भार सोसतं, पण वाकवलं की कडकन तुटतं. नुसता काथ्या ओढला तर चिवट असतो, पण स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. दोन्ही एकत्र आले की केवढाली मूर्ती परळ वर्कशॉपमधून ट्रॉलीवर चढते आणि रस्त्यातले सगळे खड्डे खात मंडपापर्यंत धड पोचते. विमानात प्लास्टरच्या जागी रेझिन येतं आणि काथ्याच्या जागी काचेचा किंवा कार्बनचा धागा. तत्त्व तेच.

आता घरी बांधलेलं विमान म्हणजे काय, तेही सांगून टाकू. कारखान्यातून विकत न घेता हौशी माणसानं गॅरेजमध्ये, गोठ्यात, गच्चीवर, जागा मिळेल तिथे बांधलेलं विमान. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझनी यांनी अशा हौशी लोकांची संघटना काढली, एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. सुरुवातीच्या बैठका त्यांच्या घराच्या तळघरात होत. तिथल्या नियमानुसार विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी म्हणून केलेलं असावं लागतं. अशी हजारो विमानं आज जगात उडताहेत.

आणि ती बांधणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी एक प्रश्न विचारतो. 'माझा पंख काचेच्या कापडाचा आहे. मला थोडं कार्बनचं कापड मिळालंय. एक थर वर चढवला तर पंख अजून मजबूत होईल ना?' आम्हालाही हा प्रश्न कितीतरी वेळा विचारला गेलाय. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

उत्तर गिरणीतून सुरू करू. सूत सायझिंग खात्यातून खळ घेऊन येतं, बीम मागावर चढतो. ताण्याचे हजारो धागे एकसारख्या ओढीत असावे लागतात. समजा त्यातले दहा-वीस धागे बाकीच्यांपेक्षा जास्त ताणलेले राहिले, तर काय होईल? इथे विणकर खात्यात काम केलेलं कुणी आहे का? (मागच्या रांगेतून : 'तेच पयले तुटनार!') तेच पहिले तुटणार. आणि ते धागे कच्चे असतात म्हणून तुटत नाहीत, हे लक्षात घ्या. शेजाऱ्यांच्या वाट्याचा भार त्यांच्या अंगावर येतो म्हणून तुटतात.

काच आणि कार्बन एकत्र आले की हेच होतं. थोडे आकडे सांगतो, मग पुन्हा गोष्टीकडे येऊ. नेहमीच्या काचेच्या धाग्याचा ताठपणा साधारण 72 गिगापास्कल. विमानात वापरतात त्या साध्या कार्बनच्या धाग्याचा 230च्या आसपास, म्हणजे तिपटीहून जास्त. पण कार्बनला लांबणं जमत नाही. शंभर सेंटिमीटरचा धागा दीड सेंटिमीटर लांबला की तो तुटतो. काचेचा धागा साडेचार सेंटिमीटरपर्यंत तग धरतो. आता हे दोन धागे शेजारी शेजारी रेझिनमध्ये चिकटवले. चिकटले म्हणजे दोघांना एकसारखंच लांबावं लागणार, सुटका नाही. मग तेवढ्याच जाडीचा कार्बन तिप्पट भार उचलतो आणि काच आरामात बसते. भार वाढत जातो, दीड टक्क्याला कार्बन तुटतो. त्या क्षणी काचेनं आपल्या ताकदीचा जेमतेम तिसरा हिस्सा वापरलेला असतो, आणि कार्बनचा सगळा भार तिच्या अंगावर एकदम येऊन आदळतो.

मजबूत आणि ताठ हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थानं वापरतो. भाराला तो फरक बरोबर कळतो. भार आधी ताठ असेल त्याच्याकडे जातो. ज्याच्याकडे जाईल त्यानं तो एकट्यानं पेलला पाहिजे, नाहीतर पोचवून दिला पाहिजे. मग काच-कार्बन एकत्र वापरूच नये का? वापरतात, उत्तम वापरतात. पण कुणाकडे किती भार जाणार हे आधी मोजून. वरून उगाच एक थर चढवणं म्हणजे चार हमालांच्या मध्ये पाचवा, सर्वांत उंच हमाल उभा करणं. पेटी त्याच्याच डोक्यावर टेकणार.

हे माणसाला कळलं कसं, त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

राइट बंधूंचं 1903चं विमान स्प्रूस आणि ॲश या लाकडांचं होतं, वर मलमलीचं सुती कापड. (एक श्रोता : 'आणि तळपदे?') येणारच होता हा प्रश्न. शिवकर बापूजी तळपदे मुंबईचे, विमानविद्येचा ध्यास घेतलेले गृहस्थ, यात शंका नाही. पण 1895मध्ये चौपाटीवर त्यांचं विमान उडालं याला त्या काळचा भक्कम पुरावा नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला दिला जातो ते 1974 साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी तपासलं. त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपद्यांबद्दल आदर ठेवूनही आम्ही त्या गोष्टीवर पुढचा मजला चढवणार नाही.

तर लाकूड आणि कापड. पहिल्या महायुद्धात विमानाला आयरिश लिननचं कापड लावत आणि त्यावर डोप नावाचं सेल्युलोजचं द्रावण फासत. ते सुकताना कापड आवळून ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होई. हेही एका अर्थी काँपोझिटच. पण तेव्हाच्या बांधणीत कामाची वाटणी साफ होती. वजन आणि वाक लाकडानं सोसायचा, तारांनी ओढ सोसायची, कापडानं फक्त वारा अडवायचा. कुणी कुणाच्या कामात पडायचं नाही.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. 15 ऑक्टोबर 1932ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, ते पस मॉथ विमान. त्याचा धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी, वर कापड. तीन जातींचा माल, पण एकमेकांना चिकटवलेला नाही. जिथे भेट होते तिथे बोल्ट. पावसाळ्यात लाकूड फुगलं, पोलाद फुगलं नाही, तरी बोल्ट आवळता येतो, खोलून बघता येतं. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई आणि टपालसेवा पुण्याला हलवावी लागे, हे आपण वाचलेलं असतं. पण तोच पाऊस विमानाच्या अंगातही शिरतो, हे कुणी सांगत नाही.

भानगड सुरू झाली डिंकापासून. डिंक म्हणजे आपला गोंद नव्हे, औद्योगिक चिकटद्रव्य. माल चिकटवला की बोल्टची भोकं पाडावी लागत नाहीत, भार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो, वजन वाचतं. आणि त्याच क्षणी दोन्ही मालांचं नशीब एकमेकांशी बांधलं जातं.

दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. पहिलं उड्डाण नोव्हेंबर 1940. बर्चच्या पातळ प्लायवुडच्या दोन पापुद्र्यांमध्ये हलकं बाल्सा लाकूड, सगळं चिकटवलेलं. वरून पाव, मध्ये भाजी, तशी ही सँडविच बांधणी. ते बांधायला इंग्लंडमधल्या फर्निचरच्या कारखान्यांतले सुतार लागले. युरोपात त्यानं कमाल केली. मग ते भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आलं, आणि 1944च्या पावसाळ्यानंतर काही विमानांचे पंख हवेतच मोडले. वर्षअखेर या भागातली मॉस्किटो जमिनीवर बसवावी लागली. कारणावर वाद झाला. आधी कंपनीच्या माणसानं सांगितलं, पावसाळी हवेत लाकडाची हालचाल झाली म्हणून. नंतरच्या चौकशीनं ठपका ठेवला तो बांधणीतल्या दोषांवर, नीट न बसलेल्या सांध्यांवर. आमचं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसतात. इंग्लंडच्या हवेत खपून गेलेला कच्चा सांधा इथल्या हवेनं उघडा पाडला.

त्याच सुमाराला नॉर्मन द ब्रॉयन नावाचा माणूस केंब्रिजजवळ डक्सफर्डला चिकटद्रव्यांवर काम करत होता. त्यानं जवसाच्या धाग्यात रेझिन भरून एक माल बनवला होता. ॲल्युमिनियम कमी पडेल या धास्तीनं त्या मालाचं स्पिटफायरचं धडसुद्धा प्रयोगादाखल करून बघितलं गेलं. पुढे त्यानं धातू चिकटवणारं रेडक्स काढलं, आणि डी हॅविलँडनं त्याच्या जोरावर हॉर्नेट बांधलं. ते 1944मध्येच उडालं. त्याच्या पंखाची वरची कातडी प्लायवुडची आणि खालची ॲल्युमिनियमची. का? उडताना पंख वर वाकतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ओढली जाते. जाड प्लायवुड दाब सोसायला चांगलं, धातूचा पत्रा ओढ सोसायला चांगला. दोन जाती एकत्र आल्या, पण प्रत्येकीला तिच्या स्वभावाचं काम दिलं. मिश्रणाचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरं सापडलेलं नाही.

काचेच्या धाग्याकडे येऊ. 1957 साली जर्मनीत, श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या आणि तरुण इंजिनियरांच्या हातून फिनिक्स नावाचं ग्लायडर उडालं. काचेचं कापड, पॉलिएस्टर रेझिन, मध्ये बाल्सा. काच-रेझिनचं ते जगातलं पहिलं ग्लायडर. पंखाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की लाकडी ग्लायडरं एका फटक्यात जुनी झाली.

इथे गिरणीतला एक शब्द परत येतो. काचेच्या धाग्यालाही सायझिंग करतात, तोच शब्द. धागा काढताना आणि विणताना तो घासून तुटू नये म्हणून खळ. पण विणून झाल्यावर ही खळ भट्टीत जाळून टाकावी लागते आणि दुसरा लेप द्यावा लागतो. या लेपाचं एक टोक काचेला धरतं, दुसरं रेझिनला. आणि हा लेप सगळ्या रेझिनांना सारखा चालत नाही. पॉलिएस्टरसाठी लेपलेलं कापड इपॉक्सीत बुडवलं तर दिसायला तसंच दिसेल, धरेल मात्र कमी. होड्या बनवणाऱ्यांचं स्वस्त कापड आणून विमानाला लावणारे बहाद्दर इथेच फसतात. डोळ्यांना कापड कापडासारखंच दिसतं. लेप दिसत नाही.

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये हा माल शिरला तो अमेरिकेत, सत्तरच्या दशकात. केन रँड यांचं छोटं केआर-1 विमान 1972मध्ये उडालं. त्याचे पंखाचे मुख्य वासे लाकडाचे, आकार द्यायला फोम, वर रेझिनमध्ये भिजवलेलं कापड. म्हणजे निम्मं जुनं जग, निम्मं नवं. भार लाकडावर, आकार फोमवर. ज्यांना लाकूडकाम येत होतं त्यांना हे पटलं.

त्यानंतर आले बर्ट रुटान. त्यांचं व्हेरीईझी मे 1975मध्ये उडालं, लाँग-ईझी 1979मध्ये. शेपटी पुढे, इंजिन मागे, बघणाऱ्याला उलटं उडतंय असं वाटावं. पण आमच्या दृष्टीनं मोठी गोष्ट त्यांच्या कामाच्या पद्धतीची. साचा नाहीच. निळ्या पॉलिस्टायरीन फोमचा ठोकळा घ्यायचा, गरम तारेनं पंखाच्या आकारात कापायचा, आणि वरून काचेचं कापड इपॉक्सीनं चढवायचं. आतला फोम तसाच राहतो. गरम तार! लालबागमध्ये 2018च्या बंदीआधी थर्माकोलची मखरं ज्यांनी कापलीत, त्यांच्यापैकी कुणालाही रुटान यांचा पंख कापता आला असता. हात तोच, फोमही त्याच घराण्यातला. (हशा)

आता त्याच मखरवाल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. थर्माकोलला चुकीचं चिकटद्रव्य लावलं की ते वितळून खड्डा पडतो. पॉलिएस्टर रेझिनात स्टायरीन असतं, ते हा फोम खाऊन टाकतं. इपॉक्सी खात नाही. म्हणून रुटान यांनी इपॉक्सी घेतलं. पेट्रोलही हा फोम खातं, म्हणून जिथे इंधनाची टाकी तिथे दुसऱ्या जातीचा फोम. आणि विमान पांढरंच रंगवायचं, कारण गडद रंग उन्हात तापतो आणि घरच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. मेच्या उन्हात जुहूच्या धावपट्टीवर उभं केलेलं काळं विमान मनाशी आणून बघा.

रुटान यांचे नकाशे घेऊन जगभर लोकांनी विमानं बांधली. 1985मध्ये त्यांनी नकाशे विकणं थांबवलं. पण आमचा सुरुवातीचा प्रश्न जन्माला आला तो याच विमानांच्या भोवती. लाँग-ईझीच्या पंखातली ताकद काचेच्या धाग्यांच्या जाड पट्ट्यांत आहे. सगळे धागे एकाच दिशेनं, पंखाच्या लांबीत. त्या पट्ट्यांची जाडी काचेचा ताठपणा धरून मोजलेली आहे. ऐंशीच्या दशकात कार्बन थोडा स्वस्त झाला, बाजारात मिळू लागला. लोकांना वाटलं, घालू या थोडा.

मोजून घालणारेही होते. ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनी 1972मध्येच एसबी-10 नावाचं 29 मीटर पंखांचं ग्लायडर उडवलं होतं. त्याच्या पंखाच्या मधल्या भागात, जिथे वाक सर्वांत जास्त, तिथे त्यांनी कार्बन वापरला. पण सगळा भार त्या कार्बननंच घ्यावा असा हिशेब करून. पुढे ग्लायडरांच्या कॉकपिटमध्ये कार्बनच्या जोडीला केव्हलार आलं. केव्हलार दाब सोसायला कच्चं, ओल धरतं, कापायला वैताग. पण कार्बन मोडताना त्याचे भाल्यासारखे तुकडे होतात, आणि केव्हलार ते तुकडे पिशवीत धरल्यासारखे एकत्र धरून ठेवतं. वैमानिकाच्या मांडीत घुसू देत नाही. दोन जाती एकत्र घेण्याचं हे दुसरं चांगलं कारण. भार वाटायला नाही, मोडल्यानंतरच्या क्षणासाठी. आणि डिसेंबर 1986मध्ये रुटान यांचंच व्हॉयेजर, मुख्यतः कार्बनचं, कुठेही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीला फेरी घालून आलं. त्यानंतर कार्बनची मोहिनी कुणी थांबवू शकत नव्हतं.

आपल्याकडे काय झालं? बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं, एनएएलनं, लाँग-ईझीच्याच आराखड्यावरून एक प्रयोगाचं विमान बांधलं आणि ते 1987मध्ये उडवलं. घरी बांधायच्या विमानातून सरकारी प्रयोगशाळा काँपोझिट शिकली, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. त्या अनुभवातून हंस हे दोन आसनी विमान आलं, 1993मध्ये उडालं, काच-रेझिनचं.

आणि मराठी घरात बांधलेलं विमान म्हटलं की एकच नाव येतं, कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. 2017मध्ये नोंदणी मिळाली, 2020मध्ये धुळ्याला ते उडालं. ते विमान धातूचं आहे, ॲल्युमिनियमचं. त्यांची कारणं त्यांना ठाऊक. पण मुंबईतल्या गच्चीवर चार पावसाळे काढायचे असतील तर आम्हीही कदाचित धातूच निवडला असता. रिव्हेट डोळ्यांनी तपासता येतो. दमट हवेत इपॉक्सी सुकवलं तर त्याच्या पृष्ठभागावर मेणासारखा ओशट थर येतो. तो धुऊन घासून काढला नाही तर पुढचा थर चिकटल्यासारखा वाटतो आणि चिकटलेला नसतो. बोटाला कळतं, डोळ्यांना कळत नाही.

आता दुरुस्ती. बांधणीपेक्षा माणसं दुरुस्तीत जास्त चुकतात, कारण बांधताना नकाशा समोर असतो आणि दुरुस्त करताना घाई.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक दोन आसनी विमान ट्रकवर घालून आलं. हौशी मालकानं घेतलेलं, काच-फोमचं. एकदा जोरात उतरल्यामुळे चाकाच्या मागे धडाला तडा गेला होता आणि एका वर्कशॉपमधून तो दुरुस्तही करून घेतला होता. दुरुस्ती बघून आम्हीच दोन मिनिटं गप्प बसलो. काळ्याभोर कार्बनचे चार थर, कडा सरळ, आरशासारखी चमक. मालकाला त्याचा अभिमान होता. विमान आलं होतं ते दुसऱ्याच कामासाठी. रंग काढताना ठिगळाच्या कडेला, काचेच्या भागात, नखाएवढ्या जाडीची पांढरी रेघ दिसली. काचेचं रेझिन ताणून फुटायला लागलं की असं पांढरं होतं.

मग नाणं घेऊन वाजवत गेलो. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. ठिगळाच्या चारही बाजूंनी वीतभर बद्द. आत फोम कातडीपासून सुटला होता. कार्बनला काहीच झालं नव्हतं. तो इतका ताठ होता की धड वाकायचं ते त्याच्या कडेलाच वाकायचं, प्रत्येक उतरणीला, त्याच रेषेवर. तार एकाच ठिकाणी मागे-पुढे वाकवून आपण तोडतो, तसं. तपासणी तीन महिन्यांनी झाली असती तर काय झालं असतं, यावर आम्ही त्या दिवशी बोललो नाही. मालक पुढच्या महिन्यात मुलीला पहिल्यांदा वर नेणार होता.

चारही थर काढून काचेचं कापड लावायचं ठरलं तेव्हा तो माणूस चिडला. 'मजबूत काढून कमजोर लावताय तुम्ही.' त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच म्हणालो असतो. मग त्याच्यासमोर एक फोमची पट्टी घेतली, तिच्यावर काच चढवली, मधल्या भागावर कार्बन, आणि सुकल्यावर त्याच्याच हातात देऊन वाकवायला सांगितली. पट्टी कार्बनच्या कडेला मोडली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आला आणि घासकामाला बसला.

काम असं असतं. होता तोच माल, तेवढेच थर, त्याच दिशेनं, आणि कडा अचानक न संपवता उतरती. लाकडी वाशाच्या जोडाला जाडीच्या दहा-बारा पट लांब उतार देतात. काच-कार्बनला वीस ते पन्नास पट. एक मिलिमीटर जाडीला पाच सेंटिमीटर घासत बसायचं म्हणजे किती, ते घासणाऱ्यालाच कळतं. त्याआधी फोमातली ओल काढायची. जुलै होता. दिवे लावून, कापड झाकून, तीन आठवडे गेले. तेवढ्या वेळात आम्ही दोनदा ओल मोजली आणि दोनदा पुन्हा दिवे लावले.

आणखी एक सांगायचं राहिलं, कारण ते मुंबईत जास्त लागू आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकवायचे नाहीत. कार्बन वीज वाहतो, समुद्राकाठची खारी ओल मिळाली की दोघांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये काचेचा एक थर घालायचा, काच वीज वाहत नाही. बोल्टही विचार करून निवडायचे. म्हणजे बघा, काच आणि कार्बन एकत्र घेण्याचं हे तिसरं कारण. त्या काचेवर भाराची जबाबदारीच नाही, ती नुसती मध्ये उभी असते.

टेबलावर तीन पट्ट्या ठेवल्यात. एक नुसत्या काचेची, एक नुसत्या कार्बनची, एक काचेवर कार्बनचं ठिगळ मारलेली. प्रश्नोत्तरांच्या आधी पाच मिनिटं आहेत, ज्यांना वाटेल त्यांनी पुढे येऊन वाकवून बघा. तिसरी मोडली तर मोडू द्या, आमच्याकडे अजून आहेत. फक्त मोडलेल्या कडेवरून बोट फिरवू नका. कार्बनची कुसळं आत गेली की दोन दिवस ठसठसतात. आणि मागच्या रांगेतले आजोबा, तुम्ही आधी या.